कच्छचा जावई

मोहियोद्दीननं नगरच्या भर कापडबाजारात दोन्ही हात पसरले, आणि गोरक्षनाथाला त्याला मिठी मारता आली नाही. खांद्यावर पाल्यासकट दोन ऊस, हातातल्या पिशवीत बोरं, आवळे, चिंचा, मागं टांगेवाला पायानं घंटा बडवतोय, पुढून भिंगारच्या छावणीचा ट्रक माणसं बाजूला सारतोय. सबब तशी चांगली होती. पण खरं सांगायचं तर ऊस दुकानाच्या फळीला टेकवायला असा कितीसा वेळ लागतो? त्यानं टेकवला नाही. कारण हात पसरायच्या आधीच मोहियोद्दीन बोलून बसला होता, "अरे गोरख्या, तुझ्याकडंच निघालो होतो. माझा कच्छचा शंख आहे ना जपून? तो न्यायला आलोय." गोरक्ष म्हणाला, "आहे." मोहियोद्दीन मात्र पूर्वीसारखाच, सुटला की सुटला. लढाईची सगळी वर्षं सरकारनं त्याला बलुचिस्तानात पाणी शोधायला धाडलं होतं, तिथल्या उन्हानं कानशिलं पांढरी झाली होती, पण बोलताना समोरच्याच्या सदऱ्याचं बटण धरायची खोड तशीच होती. ते बटण धरून तो सांगत राहिला. पार मादागास्करहून कुणी एकानं त्याला तिथल्या एका शंखाचा प्लास्टरचा ठसा पाठवला होता. "असाच रे. अगदी असाच. मधे एवढा समुद्र, आणि प्राणी तोच. माझ्या पेट्या लढाईत इकडच्या तिकडं हलवल्या, कुठला दगड कुठल्या थरातला ते आता खुदालाच माहीत. तुझ्याकडचा एक तेवढा असा आहे की मी शपथेवर सांगू शकतो, या हातानं काढला, त्या टेकडीतून काढला. उद्या सकाळची गाडी आहे. आज दिवेलागणीला घरी येतो." मग तो झेंडीगेटकडं, मामूच्या घरी निघून गेला. गोरक्षच्या खांद्यावरच्या उसाचा पाला एका बाईच्या डोक्याला लागला, तिनं त्याला दोन शब्द ऐकवले, आणि तो चालायला लागला.

माणूस आपली वस्तू मागायला आला होता. ठेवायला दिलेली, राजीखुशीनं दिलेली, मागेन तेव्हा दे म्हणून दिलेली. यात त्याचं काय चुकलं? काही नाही. आणि ती वस्तू घरात जपून होती हेही खरंच होतं. जपून म्हणजे केवढी जपून. रोज सकाळी तिला आंघोळ होती, गंध होतं, एक तुळशीचं पान होतं, दर आठवड्याला चिंच लावून घासणं होतं, उन्हाळ्यात ओल्या फडक्यावर बसणं होतं. देवघरातल्या पितळी ताटलीत बाळकृष्णाच्या शेजारी बसून मोहियोद्दीनचा शंख लोणी खात होता. आणि आज संध्याकाळी त्याचं लग्न होतं.

तो शंखही नव्हता खरं तर, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला, दगड होऊन गेलेला प्राणी होता. पुण्याला कॉलेजात असताना त्याचं नाव दोघांनी खोलीत मोठमोठ्यानं पाठ केलं होतं, ॲमोनाइट, आणि शेजारच्या खोलीतला एकजण विचारायला आला होता की हा कुठला मंत्र. कच्छात, भूजच्या पलीकडं, उन्हानं करपलेल्या टेकडीच्या उतारावर मोहियोद्दीन पालथा पडून चाकूनं माती उकरत होता आणि गोरक्ष त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता, तेव्हा तो निघाला. वाळूच्या रंगाचा, मुठीत मावेलसा, गोल गोल गुंडाळलेला, तोंडाच्या कडेपर्यंत शाबूत. हा प्राणी, मोहियोद्दीन तोंडातली माती थुंकत म्हणाला होता, गड्या, नुसत्या शेवटच्या खोलीत राहतो. वाढला की पुढं एक खोली बांधतो, मागची बंद करतो. समुद्राचा मागमूस नसलेल्या त्या रखरखाटात गोरक्षला त्या दिवशी पाण्याचा गारवा पाठीवर जाणवला होता, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक हसले असते. मग वडील गेले, आणि पुण्याची खोली बंद करून तो नगरला शाळेत मास्तर होऊन आला. निघताना मोहियोद्दीननं तो दगड त्याच्या ट्रंकेत टाकला, म्हणाला, ठेव, नाहीतर विसरशील, मागेन तेव्हा दे. पहिल्या वर्षी रविवारी रविवारी तो हातोडी घेऊन डोंगरगणाकडं, गोरक्षनाथ गडाकडं हिंडला. ज्या नाथाच्या नवसानं आपण झालो त्याच्या डोंगरानं एखादा तरी शिंपला द्यावा, एवढीच मागणी. पण नगरचा दगड काळा, आगीतून निघालेला, त्यात कधी काही जगलंच नव्हतं तर सापडणार काय? फार तर एखादी गारगोटी चमकायची. मग लग्न झालं, त्या हातोडीनं बायको, गोजरबाई, खोबऱ्याच्या वाट्या फोडायला लागली, आणि त्यालाही बरंच वाटलं.

गोजर पारनेरकडची, कोरडवाहू शेतावर वाढलेली, बोलायला फटकळ आणि हाताला उदार. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मुलगी झाली आणि नाव ठेवायच्या आतच गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुन्हा आशा धरू नका. गोजर रडली नाही. म्हणजे अगदीच नाही. फडक्यात गुंडाळलेलं ते गोरक्षच्या हातात देताना सुद्धा तिनं फक्त त्या फडक्याचं टोक नीट आत खोचलं होतं. ते टोक खोचणं गोरक्षला अजून दिसे, वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता दिसे, खडू तसाच हातात राही. मग त्या पावसाळ्यात ट्रंक उन्हाला घालताना तिला तो दगड सापडला. "ह्यो शाळिग्राम हाय घरात, आन तुमी ट्रंकंत डांबून ठिवलाय?" हा शाळिग्राम नव्हे, त्यानं सांगितलं. समुद्रातला प्राणी आहे, मेलेला, मोहियोद्दीननं ठेवायला दिलाय. आणि मास्तरकी सुटेना म्हणून पुढं हेही सांगितलं की तसं पाहिलं तर गंडकीतले शाळिग्रामही यातलेच, तोच प्राणी, तिथं हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाचा. गोजरनं सगळं ऐकून घेतलं, दगडावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "मग वांदा काय हाय?" त्या कार्तिकात तिनं तुळशीचं लग्न लावलं. ज्यांना लेक नाही त्यांनी तुळशीचं कन्यादान करावं असं झुंबरबाईनं, शेजारणीनं, तिला सांगितलं होतं. नवरदेव हा.

तेव्हापासून तो घरात जावईबापू होऊन बसला. गोजर त्याला उठता बसता सुनवायची. आंघोळ घालताना, "जरा मान खाली घाला की, सासूफुडं एवढा ताठा बरा न्हवं." लोण्याचा गोळा ठेवताना, "खावा, सासुरवाडीला लाजायचं न्हाई." तेला-लोण्यानं तो वाळूच्या रंगाचा होता तो काळाभोर झाला, तेव्हा म्हणाली, लोकांचे जावई सासरी येऊन गोरे होतात, आमचे बघा. साखर रेशनवर गेली तेव्हा त्याच्या वाट्याचा गूळ तिनं आपल्या चहातून कापला. आणि गोरक्षही, शाळेत मुलांना पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे शिकवून येणारा गोरक्ष, घरात शिरताना त्या ताटलीकडं बघून हळूच विचारू लागला, काय जावईबापू, बरं आहे ना? पहिल्यांदा थट्टेत. पुढं थट्टा कुठं संपली ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. त्या दगडाच्या आत एका मागे एक बंद खोल्या आहेत, आणि त्यातल्या कुठल्या तरी एकीत ते फडक्याचं टोकही आहे, असं त्याला तापात एकदा वाटलं होतं. ताप उतरला तरी ते वाटणं पुरतं उतरलं नव्हतं.

माळीवाड्याची वेस ओलांडली तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. गोजर दारात उकिडवी बसून तुळशीच्या डब्याला गेरू लावत होती. तुळस डब्यातच होती, तुपाच्या जुन्या मोठ्या डब्यात. त्यानं एकदा म्हटलं होतं, गवंड्याकडून चांगलं वृंदावन बांधून घेऊ. तर गोजर म्हणाली होती, "लेकीचं घर बापाच्या दारात बांधत्यात व्हय?" आज तिनं केसांना तेल लावलं होतं, मोरपंखी लुगडं नेसली होती, आणि गेरूचं एक बोट कपाळाला पुसलं गेलं होतं.

"मोहियोद्दीन भेटला बाजारात," तो म्हणाला. "संध्याकाळी येतोय."

तिचा हात थांबला. "शंकवालं भावजी? कशापायी येनार हायत?"

"सहज. भेटायला."

"येऊं द्या की. अंतरपाट धराया मानूस कमीच हुतं." हात पुन्हा डब्यावरून फिरू लागला. गोरक्षनं ऊस उभे केले, सुतळीनं बांधले, सोडले, पुन्हा बांधले. तोंडात मूग धरल्यासारखा तो सगळी दुपार घरात हिंडला. जावईबापूंना हळद लागली, उरलेली उष्टी हळद तुळशीच्या मुळाशी गेली, आणि दर वेळी आता सांगू म्हणताना गोजर काही तरी हातात देई, नारळ सोला म्हणून, वात वळा म्हणून.

मोहियोद्दीन दिवेलागणीला आला, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि दारातच अडकला, कारण लग्न घटिकेवर आलं होतं. उसाच्या खोपीत डबा, डब्यात तुळस, तुळशीला हिरव्या खणाचा तुकडा आणि काचेच्या इवल्या बांगड्या. शेजारचे आप्पासाहेब अंतरपाटाचं एक टोक धरून उभे, दुसरं टोक लोंबतंय, आणि झुंबरबाई मंगलाष्टकांसाठी घसा खाकरतेय. गोजर डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "आला का भावजी. धरा ते टोक." झुंबरबाईचा घसा तिथंच थांबला. ती हळूच म्हणाली, "अगं गोजर, त्येंना चालंल का?" मोहियोद्दीननं चपला बाहेर काढल्या, दाराशी बादली होती तिथं पाय धुतले. "मला चालतंय, बाई," तो म्हणाला. "तुमच्या देवाला विचारून घ्या." यावर गोजर म्हणाली, "देव त्येंनीच आनलाय. त्याला काय इचारायचं?"

मोहियोद्दीनला ते कळलं नाही. तो हसला आणि टोक धरून उभा राहिला. झुंबरबाईचा आवाज खडा, तिनं तो आढ्याला लावला. ज्वारीच्या पिवळ्या अक्षता पडू लागल्या. गोरक्ष पाटावर बसला होता, मुलीचा बाप म्हणून, आणि देवाकडं न बघता मोहियोद्दीनच्या तोंडाकडं बघत होता. मोहियोद्दीननं आधी सहज खाली पाहिलं. पाटावर तांदळाची रास, राशीवर काळा गोल दगड, दगडाला मुंडावळ्या. तो पाहत राहिला. मग किंचित वाकला. कापड त्याच्या बाजूनं खाली झुकलं, आप्पासाहेबांनी खाकरून ते वर घ्यायची खूण केली, आणि मोहियोद्दीन सरळ झाला तो एकदम म्हातारा दिसत होता. शुभमंगल सावधान झालं, अंतरपाट दूर झाला, पण कापडाचं टोक त्याच्या मुठीत बराच वेळ तसंच राहिलं.

चुरमुरे-गूळ घेऊन शेजारी गेले. कंदिलाशी तिघं उरली. मोहियोद्दीननं विचारलं, "वहिनी, हात लावू?" गोजर म्हणाली, "तुमचाच हाय." त्यानं खिशातून भिंग काढलं, दगड उचलला, मुंडावळ्या न सोडता नुसत्या बाजूला केल्या, आणि उजेडाशी नेला. गोरक्षच्या मनात त्या घटकेला एक ओशाळवाणी आशा उभी राहिली: म्हण, बिघडला म्हण, तेलातुपानं वाट लागली म्हण. मोहियोद्दीनचं भिंग फिरत होतं, थांबत होतं. मग त्यानं गोजरकडं पाहिलं, तिच्या कपाळावर राहिलेल्या गेरूच्या बोटाकडं पाहिलं, भिंग खिशात घातलं आणि म्हणाला, "झिजला रे, गोरख्या. माझ्या कामाचा नाही राहिला. राहू दे इथंच. बरा आहे इथं."

गोरक्षनं दगड त्याच्या हातून घेतला. वरचं पातळ कवच चिंचेनं कधीच गेलं होतं, आणि त्याखाली खोल्यांच्या भिंती जिथं जिथं लागत होत्या तिथं तिथं नागमोडी सिवण उघडी पडली होती, आणि प्रत्येक सिवणीत आजची हळद बसली होती. पिवळी, बारीक, एकही टाका न चुकलेली. याच सिवणीवरून तो कुठल्या घराण्यातला ते ठरतं. सुई घेऊन महिनाभर कोरत बसलं असतं तरी इतकी स्वच्छ उघडली नसती. म्हणजे मोहियोद्दीन खोटं बोलला होता. आयुष्यात कधी नव्हे ते, दगडाबाबत, खोटं बोलला होता. गोरक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्राचा त्याला इतका लळा कधी वाटला नव्हता, आणि आता गप्प राहिलं की झालं, सगळं जागच्या जागी राहतंय, हेही त्याला त्याच क्षणी स्पष्ट दिसत होतं. तो गप्प राहिला.

बोलली ती गोजर. "भावजी, माझा भाऊ बैलाचा येपार करतो. गिऱ्हाइकाला बैल आवडला की ते आदी त्याला नावं ठिवतं. तुमी तर फुकट बी नगं म्हनताय, म्हंजे लईच मनात भरलाय." मोहियोद्दीन काही बोलायला गेला, तिनं बोलू दिलं नाही. "मास्तरांनी दुपारपासनं चार बारी ऊस बांधला आन सोडला. मला काय कळत न्हाई व्हय? काय काम हाय ह्याच्याशी, ते सांगा."

मग मोहियोद्दीननं सांगितलं. आफ्रिकेपाशी एक बेट आहे, तिथं हाच प्राणी सापडलाय. याला उडता येत नाही, जमिनीवर चालता येत नाही. मग तो तिथंही कसा आणि कच्छातही कसा? त्या काळी कच्छपासून त्या बेटापर्यंत पाणी एकच असलं पाहिजे, किनाऱ्याकिनाऱ्यानं लागून असलं पाहिजे. पुढं जमिनी लांब गेल्या असं काही जण म्हणतात, काही जण ते मानत नाहीत. हे दोघं शेजारी ठेवून टाक्याला टाका जुळला, तर निदान एवढं म्हणता येईल की ही एका पाण्याची लेकरं.

"म्हंजे माह्यार एकच, नांदाया लांब लांब गेली," गोजर म्हणाली.

"हो, वहिनी."

"आन ह्याचं भाऊबंद तिकडं वाट बगत्यात."

"ते दगड आहेत, वहिनी. दगड वाट बघत नाहीत. मी बघतोय." हे त्यानं इतकं साधेपणानं सांगितलं की गोजर हसली. हसता हसता तिनं नाक पुसलं, दगड गोरक्षच्या हातून घेतला आणि मांडीवर ठेवला. कितीतरी वेळ ती त्याच्यावरून अंगठा फिरवत बसली. "घरजावई तरी किती वर्सं ठिवायचा," ती शेवटी म्हणाली. "लोकं नावं ठिवत्यात. पन भावजी, एकला न्ह्याचा न्हाई. तुमी नवऱ्याकडचं. जावई न्हेताय, तर लेक बी न्ह्या."

सकाळी स्टेशनावर माणसं वळून वळून बघत होती. गाडीच्या डब्यात बसलेला दाढीवाला माणूस, मांडीवर गेरूनं रंगवलेला तुपाचा डबा, डब्यात खण ल्यालेली तुळस, आणि तुळशीच्या मुळाशी, स्वच्छ रुमालात बांधलेला, काळा दगड. गोजरनं रात्री तिची ओटी भरली होती, सकाळी तिच्या मातीत घरची एक मूठ माती घातली होती. घरी दाराशी डब्याचं गोल ओलं वर्तुळ तेवढं राहिलं होतं, गोरक्षनं निघताना ते पाहिलं होतं आणि त्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घातला होता. आता गोजर खिडकीशी उभी राहून सगळ्या आया सांगतात ते सांगत होती. "दुपारचं ऊन सोसत न्हाई तिला. पानी रोज घाला, पन लई नगं. पोरीचं काय चुकलं माकलं तर पोटात घाला." मोहियोद्दीन एकेका वाक्याला मान डोलावत होता. "तुमची लेक ती माझी लेक, वहिनी," तो म्हणाला. "घरी बायकोला, गौहरला, म्हणालो होतो दगड आणतो. आता सून घेऊन चाललोय, म्हणजे ओवाळायला उभी राहिली पाहिजे." गार्डानं शिट्टी फुंकली तेव्हा गोजरनं गोरक्षला कोपरानं ढोसलं. "आवं, व्याहीभेट ऱ्हायली की."

मोहियोद्दीननं डबा बाकावर ठेवला आणि दारात आला. गोरक्षच्या खांद्यावर आज ऊस नव्हता. त्यानं मिठी मारली, काल बाजारात राहिलेली, आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांत राहिलेली. मोहियोद्दीनच्या कोटाला गेरू लागला होता, तो गोरक्षच्या सदऱ्याला लागला. मग गाडी हलली.

गाडी दौंडच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत गोजर उभी होती. मग ती तिथंच फलाटावर बसली, तोंडात पदराचा बोळा धरला, आणि तोही पुरेना तेव्हा सोडून दिला, आणि मोठ्यानं रडू लागली. जे त्या फडक्याच्या वेळी आलं नव्हतं ते सगळं आलं. गोरक्ष तिच्या शेजारी खाली बसला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, तिला थांबवलं नाही. विड्या विकणारी एक म्हातारी टोपली खाली ठेवून जवळ आली आणि वाकून विचारू लागली, "काय झालं वं बाईला?"

"काही नाही, आजी," गोरक्ष म्हणाला. "लेक सासरी गेली आमची."